३क्ष + ५ : "बाबा, पण उत्तर कुठाय?"

दोन_आण्याची_पेन्सिल | मंगळवार, रात्री १०.४०

मंडळी, गणिताचा धागा आहे, लगेच पळू नका.

लेक सातवीत, मराठी माध्यम. आज रात्री साडेनऊला वही घेऊन आली. गृहपाठातला प्रश्न असा: 'एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले, तर बैजिक राशी लिहा.' तिने ३क्ष + ५ लिहिलं. (पुस्तकात इंग्रजी एक्स आहे, मला कीबोर्ड बदलायचा कंटाळा.) इथवर झकास. पण त्यापुढे बरोबरचं चिन्ह काढून ८क्ष. बाईंची लाल फुली.

मी विचारलं, ८क्ष कुठून आणलंस? तर म्हणते, "मग ३क्ष + ५ वरच थांबायचं? उत्तर कुठाय?" म्हटलं, अगं हेच उत्तर. "हे उत्तर नाहीये बाबा, हा तर प्रश्न आहे. अधिक करायचं राहिलंय अजून."

मला पटकन सुचेना. मी कॉमर्सवाला, लोकांचे जीएसटी रिटर्न भरून पोट भरतो. म्हटलं तपासून बघू. क्ष = १ ठेवलं. ३ + ५ = ८. आणि ८ × १ = ८. जुळलं की! लेक विजयी मुद्रेने आत गेली आणि मी इथे आलो.

त्यातच आतून आईचा आवाज: "राशी कशाला शोधताय, तिची कन्या आहे!"

तर राशी म्हणजे नक्की काय? सातवीच्या पोरीला पटेल असं सांगा.

तिरकस | मंगळवार, रात्री १०.५२

कन्येला साडेसाती आहे म्हणा. शनिवारी मारुतीला तेल, आणि रविवारी वडिलांना क्लास.

निवृत्त_खडू | मंगळवार, रात्री ११.२५

तिरकसराव, तुमचं चालू द्या.

पेन्सिलवाले, आधी ते क्ष = १ चं प्रकरण मिटवू. आता क्ष = २ ठेवा. डावीकडे ११, उजवीकडे १६. बिनसलं. क्ष = १० ठेवा, ३५ आणि ८०. म्हणजे झालं काय, तर मुलीने उत्तर लिहिलं नाही, नकळत एक समीकरण लिहिलं. ३क्ष + ५ = ८क्ष हे समीकरण एकाच संख्येला खरं आहे, ती म्हणजे १. आणि नेमकी तीच तुम्ही पहिल्या फटक्यात ठेवलीत! तिने नकळत मांडलं, तुम्ही नकळत सोडवलंत. घराणं गुणी आहे.

आता राशी. वर्गात मी व्याख्येने कधीच सुरुवात केली नाही. फळ्यावर काहीतरी लिहायचो आणि विचारायचो, खरं की खोटं?

३ + ५ = ८. पोरं ओरडायची, खरं!
३ + ५ = ९. खोटं!
क्ष + ३ = १०. इथे जरा कुजबुज. मग मागच्या बाकावरून कुणीतरी, "सर, क्ष सात असला तर खरं."
मग काही न बोलता लिहायचो: ३क्ष + ५. खरं की खोटं?

वर्ग गप्प. एक मुलगी हळूच म्हणाली होती, "सर, पण काय खरं?" त्या दिवशी पुढचं मी शिकवलंच नाही, तिलाच फळ्यापाशी बोलावलं.

'वाड्याच्या बोळातली ती काळी सायकल' हे खरं की खोटं? विचारताच येत नाही. '...पंक्चर आहे' म्हणा, मग विचारता येतं. राशी म्हणजे ती सायकल. राशी काही सांगत नाही, दावा करत नाही, फक्त एका संख्येकडे बोट दाखवते. ती संख्या आज ठाऊक नसेल, पण ती कशी बनते ते राशीत लिहिलेलं असतं: जी काय असेल तिची तिप्पट, वर पाच.

आणि मुलगी म्हणते ते अगदीच चूक नाही, हे तिला जरूर सांगा. चौथीपर्यंत आपणच शिकवलं की अधिकचं चिन्ह दिसलं की काहीतरी करून टाकायचं. ४ + ३ लिहून पोर थांबलं की आपण 'पुढे?' म्हणतो. सातवीत एकदम म्हणतो, थांब, पुढे काही नाही. पोरांनी ऐकायचं कुणाचं?

प्रश्नातलं क्रियापद बघायला शिकवा. राशीचं सोपं रूप देता येतं, किंमत काढता येते, विस्तार करता येतो, अवयव पाडता येतात. 'सोडवा' फक्त समीकरणाला म्हणायचं. गाठच नाही तर सोडवणार काय?

अनुस्वार | मंगळवार, रात्री ११.४१

खडूकाका, सायकल आवडली. मात्र एक तांत्रिक मुद्दा. राशी म्हणजे नाम आणि समीकरण म्हणजे वाक्य, असं आता कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगते: मराठीत क्रियापदाशिवायही वाक्य होतं. 'ही माझी आई.' त्यामुळे क्रियापद शोधत बसू नये, तुमची 'खरं की खोटं' कसोटीच बरी.

दुसरं म्हणजे, राशीलाही व्याकरण असतं. '३ + × ५' ही राशीच नव्हे, 'मी ला चा भात' म्हटल्यासारखं आहे. उलट ५ ÷ (३ − ३) ची मांडणी बिनचूक, फक्त तिला किंमत नाही. सासरचा पत्ता शुद्धलेखनासकट लिहिलाय, पण त्या नंबरचं घरच नाही.

तिरकस | मंगळवार, रात्री ११.४४

पुण्यात अशी घरं आहेत. फोन करून विचारलं तर 'मारुतीपासून डावीकडे' सांगतात.

खळ्यावरचा | बुधवार, सकाळी ७.१०

आमच्याकडे ज्वारी मळून झाली की खळ्यावर रास लागते. राशी हा शब्द तिथलाच, ढीग. रास लागली म्हणजे किती पोती झाली ते अजून कुणाला माहीत नसतं, मापायची असते. पण रास समोर असते, तिची पूजाही होते. तुमच्या लेकीला एकदा सुगीत पाठवा, मापायच्या आधीही रास असते हे कळेल. त्रैराशिकातली राशीही हीच, तीन राशी दिल्यात आणि चौथी काढायची.

हिंजवडी_लोकल | बुधवार, सकाळी ९.३५

कंपनीच्या बसमधून लिहितोय, वाकडच्या पुलापाशी अडकलोय, त्यामुळे वेळ भरपूर.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सोपं आहे. ज्याची किंमत निघते ते एक्स्प्रेशन, म्हणजे तुमची राशी. गंमत म्हणजे सी लँग्वेजमध्ये 'क्ष = ५' हेसुद्धा एक्स्प्रेशनच, त्याची किंमत ५. तिथे एक बरोबर म्हणजे 'डब्यात ठेव' आणि दोन बरोबर म्हणजे 'सारखे आहेत का?' इफच्या ('जर असं असेल तर'च्या) कंसात चुकून एकच बरोबर पडला की भाषा खुशाल चालवून घेते आणि आपले रात्रीचे दोन वाजतात. त्यामुळे बरोबरच्या चिन्हावर लेकीची पकड आत्ताच बसू दे.

मुळामुठा | बुधवार, सकाळी १०.०२

इतकं अवघड कशाला? अमृततुल्यात जा. ३ चहा आणि २ क्रीमरोल मागवा. ३च + २क्र. याचे ५ काय होतात? ५ चहारोल? होत नाहीत ना? झालं, तसंच ३क्ष + ५ चं.

निवृत्त_खडू | बुधवार, सकाळी १०.३०

मुळामुठा, उदाहरण गोड आहे आणि तिथेच पाय घसरतो. च म्हणजे चहा नव्हे! च म्हणजे एका चहाची किंमत. अक्षर वस्तूच्या जागी नाही, संख्येच्या जागी येतं. चहा १० ला आणि क्रीमरोल १५ ला असेल, तर ३ × १० + २ × १५ = ६०. ही संख्या झाली. 'च म्हणजे चहा' डोक्यात बसलं की मूल पुढच्या वर्षी विचारतं, सर, च गुणिले क्र म्हणजे चहात बुडवलेला क्रीमरोल का? हसू नका, विचारलंय मला.

मुळामुठा | बुधवार, सकाळी १०.३३

च चा वर्ग म्हणजे कटिंगचं उलट 😄

बरं, मान्य.

दोन_आण्याची_पेन्सिल | बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. खडूकाकांची खरं-खोटं परीक्षा घेतली. ३क्ष + ५ ला ती म्हणाली, "हा काय प्रश्न झाला?" तेवढ्यावर मी खूश झालो, पण थांबलो असतो तर बरं होतं. सहज म्हणून हे दिलं:

८ + ४ = __ + ५

तिने रिकाम्या जागेत १२ लिहिले. मग पुढच्या ५ कडे बघून थोडी थांबली आणि शेवटी अजून एक बरोबर काढून १७ लिहिले. आता ओळ अशी: ८ + ४ = १२ + ५ = १७.

मी दमलो. तिला १७ कसे आले ते कळतंय, पण चुकलंय नक्की काय ते धड सांगता येत नाहीये.

निवृत्त_खडू | बुधवार, रात्री ९.५०

छान प्रश्न दिलात, सगळ्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. तिच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'हं, आता उत्तर लिही', कॅल्क्युलेटरवरच्या बटणासारखं. खरं तर ते तराजूचं दांडकं आहे. डाव्या पारड्यात एक राशी, उजव्या पारड्यात दुसरी, आणि आपण म्हणतोय की दोन्ही सारख्या. ८ + ४ म्हणजे १२, तर उजवीकडेही १२ हवेत, म्हणून जागेत ७.

हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या वैद्याने १५५७ साली छापलं. 'च्या बरोबर आहे' असं पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला, म्हणून दोन समांतर रेघा मारल्या. याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. वहीत त्या रेघा जरा लांब काढायला सांगा, त्याने लांबच काढल्या होत्या.

आणि ती साखळी, ८ + ४ = १२ + ५ = १७, सरळ वाचली तर १२ म्हणजे १७ असं म्हणते. पोरं सर्रास लिहितात. पोरं कशाला, किराणा दुकानात पुठ्ठ्यावर मांडलेला हिशोबही असाच असतो. दुकानदाराचे पैसे मात्र बरोबर येतात, म्हणून कुणी बोलत नाही.

मीटरडाऊन | बुधवार, रात्री ११.०५

धागा वाचत होतो, राहवलं नाही. राशी शिकवायला पुण्यात रिक्षा असताना तुम्ही खळ्यावर कशाला जाताय? (खळ्यावरचे, राग मानू नका.)

पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झालेला दर घ्या: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. प्रवास क्ष किलोमीटर. भाडं किती?

२५ + १७(क्ष − १.५)

ही राशी मोठ्याने वाचा, त्यात सगळी गोष्ट आहे. बसल्याचे २५, मग एकूण अंतरातून दीड वजा, उरलेल्याला सतराने गुणलं. कंस काढून टाका आणि बघा, दीड किलोमीटरचा उल्लेखच गडबडतो.

आता खडूकाका म्हणतात तसा विस्तार करा. १७ × १.५ = २५.५. म्हणजे २५ + १७क्ष − २५.५, म्हणजेच

१७क्ष − ०.५

संपलं! इतकं लहान. ५ किलोमीटरला दोन्हींत ८४.५० येतात, करून बघा. नळस्टॉपपासून स्वारगेटपर्यंत कितीही अंतर टाका, दोन्ही राशी जुळणार. पण दुसरीकडे बघून कुणाला तरी सांगता येईल का, की सुरुवातीचे २५ होते आणि दीड किलोमीटरची सूट होती? पन्नास पैसे कुठून आले तेही कळत नाही. किंमत तीच, रूप वेगळं. 'सोपं रूप' म्हणतात ते आकडेमोडीला सोपं, समजायला सोपं असेलच असं नाही.

आता खरी मजा. १७क्ष − ०.५ मध्ये क्ष = ० ठेवा. उत्तर उणे पन्नास पैसे. म्हणजे रिक्षात नुसतं बसून उतरलात, तर रिक्षावाला तुम्हाला आठ आणे देणार. पुण्यात!

तिरकस | बुधवार, रात्री ११.०८

हे वाक्य फ्रेम करून स्टँडवर लावा.

अनुस्वार | बुधवार, रात्री ११.२०

मीटरडाऊन, क्या बात! पण शेवटचं का चुकलं तेही लिहा ना. राशी चुकली नाही, आपण तिला नको तिथे वापरली. ती दीड किलोमीटर किंवा जास्त अंतरासाठीच लिहिली होती. पहिल्या रूपात कंसातलं (क्ष − १.५) निदान डोळा मारून सुचवतं, दुसऱ्यात ती खूणही पुसली जाते.

मीटरडाऊन | बुधवार, रात्री ११.२६

सहमत. आणि रात्री 'मीटरवर हाफ', म्हणजे दीडपट, मागतात तेव्हा कंस कुठे पडतो ते बघा. १.५(१७क्ष − ०.५) की १.५ × १७क्ष − ०.५? पंचवीस पैशांचा फरक, पण भांडण दोन्हींत सारखंच.

हिंजवडी_लोकल | गुरुवार, सकाळी ९.४०

परत त्याच पुलावर.

कंस निघालेच आहेत तर, ८ ÷ २(२ + २) किती हो? १६ की १?

तिरकस | गुरुवार, सकाळी ९.४१

झालं. धाग्याचे शंभर पूर्ण होणार आता.

निवृत्त_खडू | गुरुवार, सकाळी १०.१५

होऊ देणार नाही. ते वाईट लिहिलंय, एवढंच उत्तर. काही कॅल्क्युलेटर १६ देतात, काही १, कारण २ कंसाला चिकटलेला आहे तो आधी धरायचा की नाही यावर त्यांचं एकमत नाही. लिहिणाऱ्याने एक कंस जास्त द्यावा, शाई महाग नाही.

पण आपल्या 'कंचेभागुबेव'चा खरा काटा वेगळाच आहे. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, असं पाठ केल्यावर १० − ३ + २ समोर आलं की पोरं 'बे' आधी म्हणून ३ + २ करतात, मग १० − ५ = ५. बरोबर आहे ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पंगतीला बसतात, डावीकडून वाढत यायचं. भागाकार-गुणाकाराचंही तेच.

आणि 'चे' हे आपलं खास. १२ ÷ ६ चे १/२ मध्ये आधी ६ चे निम्मे ३, मग १२ ÷ ३ = ४. 'चे' च्या जागी गुणिले टाकलं तर १२ ÷ ६ = २, त्याचे निम्मे १. एका अक्षराने चाराचा एक.

अनुस्वार | गुरुवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत सुचलं ते लिहिते. आपण राशी तोंडाने रोज बोलतो, फक्त कळत नाही.

एकोणतीस म्हणजे एक-ऊन-तीस, ३० − १. ही चक्क राशी आहे, आपण तिला संख्येचं नाव मानून बसलोय. आणि पावणेदोनशे? दोनशेतून पाव वजा केला तर १९९.७५ यायला हवेत. पण कुठलीही आजी १७५ च सांगेल, कारण तिच्या डोक्यात कंस आहे: (२ − १/४) × १००. तो कुणी लिहिलेला नाही, कुणी शिकवलेला नाही, तरी चुकत नाही. सव्वाशेचंही तसंच, १०० अधिक पाव नव्हे, सव्वा गुणिले शंभर.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' आलं तेव्हा इथे किती रण माजलं होतं, आठवतंय? (परत सुरू करू नका, प्लीज.) त्या वादाचं काहीही असो, 'वीस एक' मध्ये २० + १ उघड दिसतं आणि एकवीसमध्ये ते उलटं होऊन लपतं, एवढंच मला सांगायचंय.

दोन_आण्याची_पेन्सिल | गुरुवार, रात्री ८.४५

पावणेदोनशेचा प्रयोग आईवर केला. उत्तर आलं, "पावणेदोनशे म्हणजे पावणेदोनशे, त्यात काय काढायचंय?" मग स्वतःच म्हणाली, "दोनशेला पंचवीस कमी."

एक विचारायचं राहिलं. ३क्ष + ५ तसंच ठेवायचं हे ठरवलं कुणी? लेकीचा प्रश्न आहे, माझा नाही.

निवृत्त_खडू | गुरुवार, रात्री ९.३०

लेकीला सांगा, आपल्याकडच्याच माणसांनी. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'. लिहिताना नुसतं 'या'. साध्या सुट्या संख्येला 'रूप', लिहिताना 'रू'. तर तुमची ३क्ष + ५ तिथे अशी दिसेल:

या ३ रू ५

मध्ये अधिकचं चिन्हच नाही! शेजारी मांडलं की बेरीज. उणे असेल तर आकड्याच्या डोक्यावर टिंब. एकाहून जास्त अज्ञात असले की रंग यायचे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, लाल. आणि नियम असा, की एका जातीच्यांचीच बेरीज-वजाबाकी करायची, निराळ्या जातीचे असतील तर 'पृथक् स्थिती', म्हणजे वेगवेगळे राहू द्यायचे. आज पुस्तकात 'सजातीय पदे' आहे ते हेच.

या मांडणीत तुमच्या मुलीला ८क्ष करायचा मोह झालाच नसता, असं मला वाटतं. 'करून टाक' म्हणणारं अधिकचं चिन्हच तिथे नाही. 'या' तिच्या जागी, 'रू' त्याच्या जागी.

कुणाला मूळ ग्रंथ बघायचा असेल तर अप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाने बीजगणित आणि लीलावती टीकांसकट छापल्या होत्या. पाठ्यपुस्तकं घ्यायला तिथे जाताच, दोन पावलं पुढे.

खळ्यावरचा | गुरुवार, रात्री ९.४४

जेवढी असेल तेवढी. अहो मग माझी रास काय वेगळी होती?

निवृत्त_खडू | गुरुवार, रात्री ९.४६

नव्हती. तुम्हीच पहिल्यांदा बोललात, मान्य.

दोन_आण्याची_पेन्सिल | पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी ७.२०

धागा वर काढतोय, माफी.

आज चाचणीचा पेपर मिळाला. तिसरा प्रश्न होता, 'सोडवा: ४क्ष + ७ − २क्ष'. लेकीने आधी पेन्सिलीने 'सोडवा' या शब्दाभोवती गोल केलाय, मग खाली २क्ष + ७ लिहिलंय आणि त्यापुढे बारीक अक्षरात कंसात, (आणखी होत नाही).

बाईंनी कंसाखाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलंय. मार्क मात्र दिलेत, दोनपैकी दोन.

तिरकस | शुक्रवार, संध्याकाळी ७.२४

गोलाबद्दल काही बोलल्या?

दोन_आण्याची_पेन्सिल | शुक्रवार, संध्याकाळी ७.३१

गोल खोडलेला नाही. सोमवारी विचारणार म्हणतेय. मी तिला नको म्हटलं, आई म्हणाली विचार.